काट्याभोवती जमलेल्या पेशी

जखमेत पू होतो. हा पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्या लढतात, हे ठामपणे मांडले इल्या मेच्निकॉव्ह यांनी.

१८४५ मध्ये खारकीव्हजवळ जन्मलेले मेच्निकॉव्ह डॉक्टर नव्हते, प्राणिशास्त्रज्ञ होते. पहिली पत्नी क्षयाने गेली. १८८२ च्या डिसेंबरात इटलीतील मेसिना येथे घरची मंडळी सर्कस पाहायला गेली आणि हे सूक्ष्मदर्शकापाशी बसले. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्यांनी बागेतल्या गुलाबाचा काटा खुपसला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा घोळका! पुढे ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले. त्यांचा ओडेसातला विद्यार्थी हाफकिनही तिथे आला. मुंबईच्या प्लेगवर १८९७ मध्ये लस तयार करणारा हाच तो, परळची संस्था ज्याच्या नावाने आहे. गुरूला १९०८ मध्ये नोबेल मिळाले.

मोठ्या भक्षक पेशींना ‘मॅक्रोफेज’ हे नाव मेच्निकॉव्ह यांनीच दिले. म्हातारपणी याच पेशी शरीरावर उलटतात, असे त्यांना वाटे. केस पिकणेही त्यांच्या मते या पेशींचेच काम. धमन्या कडक होण्याचा दोष मात्र त्यांनी आतड्यातल्या जंतूंना दिला आणि उपाय म्हणून रोज आंबवलेले दूध घेतले. (ताक जरूर प्यावे, पण त्याने धमनी मोकळी होत नाही.) १९१६ मध्ये, ७१ व्या वर्षी, हृदयविकारानेच ते गेले.

पेशीवरचा त्यांचा संशय मात्र खरा ठरला. धमनीच्या भिंतीत साचलेले कोलेस्टेरॉल मॅक्रोफेज गिळतात, फुगतात आणि तिथेच अडकतात. मग त्या इंटरल्युकिन-१ बीटासारखी प्रथिने सोडतात. या प्रथिनांच्या हाकेने आणखी पेशी येतात, दाह वाढतो, गाठीवरचे आवरण पातळ होते. ते फाटले की रक्ताची गुठळी धरते आणि हार्ट अटॅक येतो. म्हणूनच कधीकधी फारसा अडथळा नसलेली धमनीही अचानक बंद पडते.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांवर रुग्णांमध्ये हे प्रथिन अडवणाऱ्या औषधाची चाचणी झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. कोलेस्टेरॉल तेवढेच राहिले, तरी मधल्या मात्रेत हार्ट अटॅक, पक्षाघात व हृदयविकाराचे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. पण जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले. काट्याकडे धावणारी आणि धमनी बिघडवणारी पेशी एकच, तेव्हा दुसरे होणार तरी काय? औषध महागही होते. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात, जिथे वॉर्डात तापाचे आणि न्यूमोनियाचे रुग्ण नेहमीच असतात, तिथे तंबाखू सोडवणे, बीपी व साखर आटोक्यात ठेवणे आणि स्टॅटिनची गोळी हेच उपचार आजही आधी येतात.