म्हाइंभट: नॅसची डिस्क बदलण्याआधी ओळखून घ्यावा असा माणूस

कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की आलं भंडारा. महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी तेराव्या शतकात फिरत फिरत भंडाऱ्याला आले होते. त्यांचे शिष्य निळभट्ट भांडारेकार इथलेच. हे आज आपल्याला माहीत आहे ते म्हाइंभटांमुळे. मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ 'लीळाचरित्र' त्यांचा. शाळेत हे नाव एका मार्कापुरतं येतं आणि जातं. पण तुमच्या घरी किंवा ऑफिसात नॅस असेल, म्हणजे राउटरला जोडलेला दोन-चार हार्ड डिस्कचा तो डबा, आणि त्यात मोठ्या डिस्क टाकायच्या असतील, तर हा माणूस नीट ओळखून घ्या.

म्हाइंभट सराळ्याचे. मोठे विद्वान, घरचे श्रीमंत, आणि विद्येचा अभिमानही तेवढाच. स्वामींशी वाद घालायला गेले आणि शेवटी त्यांचेच शिष्य झाले. पुढे स्वामी उत्तरेकडे निघून गेले. मागे राहिलेली मंडळी अमरावतीकडच्या रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी जमली. तिथे नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणींत बुडालेले असत. ते बघून म्हाइंभटांच्या लक्षात आलं की हे सगळं फक्त माणसांच्या डोक्यात आहे. माणसं गेली की डेटा गेला.

मग ते कामाला लागले. ज्याने प्रसंग स्वतः पाहिला त्याला गाठायचं, ऐकायचं, लिहायचं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं. 1278 च्या सुमारास ग्रंथ आकाराला आला. मला यातलं तपासणं सगळ्यात मोठं वाटतं. नॅसमध्ये याच कामाला 'स्क्रब' म्हणतात: प्रत्येक डिस्कवरचा डेटा वाचून तो जुळतोय का ते बघायचं. जुनी डिस्क काढण्याआधी स्क्रब आणि 'स्मार्ट' टेस्ट, दोन्ही करा.

म्हाइंभटांनी पुढे गोविंदप्रभूंचं चरित्रही लिहिलं. पण चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, स्वाऱ्यांच्या धामधुमीत, लीळाचरित्राची मूळ पोथी गेली. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि ती गेली.

वाचलं कसं? पंथातल्या लोकांना ते पाठ होतं. हिराइसा आणि इतरांच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. रेड 5 मध्ये हेच होतं. एक डिस्क गेली तर उरलेल्यांवरच्या माहितीतून गेलेला भाग हिशेबाने परत काढता येतो. याला 'रीबिल्ड' म्हणतात. म्हणून अपग्रेड करताना एका वेळी एकच डिस्क काढायची, नवी बसवायची, रीबिल्ड पूर्ण होऊ द्यायचं, मगच पुढची. डिस्क मोठी असेल तर एकेकीला दिवसभर किंवा जास्तही लागतो. घाई नको! या वेळात दुसरी डिस्क बसली तर रेड 5 वरचं सगळं जातं. रेड 6 दोन डिस्कपर्यंत तग धरतो. आणि साध्या रेड 5 मध्ये वाढलेली जागा सगळ्या डिस्क बदलून झाल्यावरच मिळते, त्यामुळे पहिल्या डिस्कनंतर जागा वाढली नाही म्हणून घाबरू नका.

माणसांच्या आठवणीतून केलेल्या रीबिल्डमध्ये एक अडचण आली. पाठ एकसारखे निघाले नाहीत. हिराइसेचा पाठ वेगळा, दुसऱ्यांचे वेगळे. पंथातल्या लोकांनी फरक दडपला नाही, तो नोंदवून ठेवला, आणि अभ्यासक आजही ते पाठ ताडून बघतात. दोन डिस्कच्या साध्या मिररमध्ये फरक पडला तर कुठली प्रत खरी हे डब्याला कळेलच असं नाही. चेकसम ठेवणाऱ्या झेडएफएस किंवा बीटीआरएफएस फाइल सिस्टिमला ते कळतं.

पुढे महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांमध्ये लिहिल्या. आपल्या भाषेत एन्क्रिप्शन. किल्ली पंथाबाहेर कुणाकडे नव्हती, त्यामुळे शेकडो वर्षं बाहेरच्यांना हे साहित्य वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती लिपी उलगडली. नॅस एन्क्रिप्ट केलं असेल तर डिस्क काढण्याआधी त्याची किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवा.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. ऑगस्ट 2020 मध्ये वैनगंगेचं पाणी भंडाऱ्यात शिरलं, तशा पुरात तळमजल्यावरच्या डब्यातल्या चारही डिस्क एकदमच भिजतील. कारध्यात नॅस असेल तर डिस्क बदलण्याआधी एक पूर्ण प्रत यूएसबी डिस्कवर घेऊन नागपूरच्या नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर ठेवा, आणि त्यातल्या दोन-चार फायली उघडून बघा. म्हाइंभटांच्या हातची पोथी आजवर कुणाला सापडलेली नाही.