पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर

संपादक मंडळाने माझ्याकडे आयटीतल्या अनुभवांवर लेख मागितला होता. ते अनुभव आपल्या बॅचमधल्या निम्म्या लोकांकडे आहेत. त्यामुळे मी बाबूराव पेंटरांवर लिहायचं ठरवलं. याचं श्रेय (किंवा दोष) आपल्या चित्रकलेच्या सरांचं. आठवीत त्यांनी आपल्याला बेंचवर शेजारी बसलेल्याचा चेहरा काढायला लावला होता. माझ्या कागदावरचा चेहरा वर्गातल्या कुणाचाही असू शकला असता. सर हसले नाहीत. आधी नाक-डोळे काढू नकोस, उजेड कुठून येतोय ते बघ, असं सांगून पुढे गेले आणि जाता जाता बाबूरावांचं नाव घेतलं. मला वाटलं, हे कुणी दुकानांच्या पाट्या रंगवणारे असणार. कोल्हापुरात पेंटर म्हणजे तेच की!

त्यांचं मूळ आडनाव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूरचाच. वडील कृष्णराव सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम, चित्रकला असं सगळंच करणारे. घरातच कारखाना असल्यावर कलेच्या शाळेत कोण जाणार? बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव हातात येईल ते काम करत शिकले. नाटक कंपन्यांचा तो भरभराटीचा काळ होता. राजवाडा, अरण्य, नदीकाठ असे भलेमोठे पडदे या दोघांनी रंगवले आणि १९१० नंतरच्या पाच-सहा वर्षांत त्यांचं नाव दूरवर पोचलं. पेंटर हे आडनाव त्यातूनच चिकटलं.

पडद्यांबरोबर तैलरंगातली व्यक्तिचित्रंही चालू होती, मातीतले पुतळेही. मला वाटतं, बाबूरावांचं पुढचं सगळं समजून घ्यायचं तर ते मुळात चेहरा पाहणारे होते, हे आधी धरून चालावं लागतं. त्यांना सिनेमाचे यंत्रज्ञ म्हणून ओळखणारे पुष्कळ आहेत. इंजिनिअर असल्यामुळे मीही वर्षानुवर्षं तेच समजत होते.

यंत्राची गोष्ट मात्र सांगायलाच हवी, ती माझ्या आवडीची आहे. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने दोघे भाऊ झपाटले. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो आणायला पैसे नाहीत. त्यांनी प्रोजेक्टर मिळवला आणि तो खोलून बसले. विचार करा, प्रोजेक्टर आणि कॅमेरा ही एकाच यंत्राची उलटसुलट रूपं आहेत. एकातून उजेड बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो. दोन्हींत फिल्म सरळ वाहत नाही. एक चौकट क्षणभर थांबते, मग झडप पडते, तेवढ्यात पुढची चौकट सरकते, झडप पुन्हा उघडते. ही थांबण्या-सरकण्याची लय जरा चुकली की चित्र थरथरतं. आम्ही दुसऱ्याचा कोड उलगडत बसतो तेव्हा निदान चुकलं तर परत चालवून बघता येतं. इथे प्रत्येक प्रयोगाला फिल्मची किंमत होती.

१९१६ मध्ये आनंदराव गेले. काम अर्धवट होतं. ज्याच्या जोडीने प्रत्येक पडदा रंगवला तो माणूस गेल्यावर बाबूरावांनी हे सोडून दिलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण त्यांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. शाहू महाराजांचाही आधार मिळाला. एका गाणाऱ्या बाईने, सिनेमा म्हणजे काय हे बहुतेकांना माहीत नसताना, स्वतःचा पैसा घातला, हे आपल्याकडे फार कमी वेळा सांगितलं जातं.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, फेब्रुवारी १९२० मध्ये पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. कीचकवधाचा प्रसंग इतका खरा वाटला की सरकारने त्याला कात्री लावायला सांगितलं. लोकमान्यांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली. यात स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केली होती, कमलादेवी आणि सुशीलादेवी यांनी. त्याबद्दल त्यांना समाजाकडून काय ऐकावं लागलं असेल याची कल्पना करता येते.

आणि आता खरी गंमत. ज्या माणसाने पडदे रंगवून नाव मिळवलं, त्याने आपल्या सिनेमातून रंगवलेला पडदाच हद्दपार करायला घेतला. सपाट कापडाऐवजी खोली असलेले सेट उभे केले. ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रणाआधी प्रसंगांची, वेशभूषेची रेखाटनं स्वतः करायची, पोस्टरही स्वतःच रंगवायचं. सपाट पडद्यावर उजेड रंगवावा लागतो. खऱ्या भिंतीवर तो पडतो आणि चेहऱ्यावरही पडतो. सरांनी मला सांगितलेलं वाक्य मला इथे येऊन कळलं.

त्या नजरेची कसोटी लागली ती ‘सावकारी पाश’मध्ये. साल १९२५. देव नाहीत, राजे नाहीत; सावकाराने जमीन गिळलेला एक शेतकरी, जो शेवटी शहराची वाट धरतो. शेतकऱ्याचं काम तरुण शांतारामांनी केलं. चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी फारशी गर्दी केली नाही. त्याच काळात सगळे दरबारी थाटाचे चेहरे रंगवत असताना बाबूरावांनी कर्जात बुडालेल्या माणसाचा चेहरा पडद्यावर मोठा करून दाखवला. माझ्या मते त्यांचं सर्वांत चांगलं व्यक्तिचित्र हेच.

ते मनासारखं होईपर्यंत काम हातावेगळं करत नसत. चित्रकाराचा हा गुण कंपनीच्या हिशेबवहीला मानवत नाही. १९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे त्यांच्याच हाताखाली तयार झालेले लोक बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ काढली. पुढच्या वर्षाच्या सुमारास बाबूरावही आपल्याच कंपनीतून निघाले. आमच्या क्षेत्रात टीम फुटताना मी अनेकदा पाहिली आहे. अशा वेळी चूक कुणाची हे विचारण्यात अर्थ नसतो, पण मागे उरलेल्याची खोली किती रिकामी वाटते ते ठाऊक आहे.

बोलपट आल्यावर शालिनी सिनेटोनमध्ये त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ केले आणि १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा, आवाजासह. त्याच वर्षी त्यांच्या दोन शिष्यांचा ‘संत तुकाराम’ आला. १९४७ च्या ‘लोकशाहीर रामजोशी’साठी शांतारामांनी गुरूंना बोलावून दिग्दर्शन सोपवलं, चित्रपट पुरा मात्र शांतारामांनाच करावा लागला. उरलेल्या काळात ब्रश आणि माती होतीच. १६ जानेवारी १९५४ ला बाबूराव गेले.

त्यांचे बहुतेक मूकपट आज नाहीत. पहिला ‘सावकारी पाश’ही नाही, त्यातली शेतकऱ्याची झोपडी आपल्याला फक्त ऐकीव. जी कला त्यांनी यंत्र घडवून मिळवली ती नाहीशी झाली, आणि नुसत्या कुंचल्याने केलेली ‘जलवाहिनी’सारखी चित्रं राहिली.

खरी कॉर्नरला त्यांच्या कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. संमेलनाच्या दिवशी जेवणानंतर मी तिकडे चालत जाणार आहे. आपल्या सरांनाही विचारलंय, पाय दुखत नसले तर येतो म्हणाले. ज्यांना यायचं असेल त्यांनी दुपारी तीन वाजता शाळेच्या फाटकाशी थांबावं.