छातीचा खळगा आणि झाउअरब्रुख

फर्डिनांड झाउअरब्रुख यांचा जन्म १८७५ साली जर्मनीत झाला. त्यांच्या तरुणपणी छाती उघडणे फार धोक्याचे होते. बाहेरची हवा आत शिरली की फुप्फुस आकसून रुग्ण गुदमरे. १९०४ मध्ये त्यांनी कमी दाबाची खोली बनवली. रुग्णाचे डोके खोलीबाहेर, धड आणि सर्जन आत.

१९१३ मध्ये त्यांच्याकडे छातीला खळगा असलेला अठरा वर्षांचा तरुण आला. धाप आणि धडधडीमुळे त्याला वडिलांच्या घड्याळांच्या कारखान्यात काम करवत नव्हते. बरगड्यांच्या कूर्चा व उरोस्थीचा काही भाग काढल्यावर तो पुढे दिवसभर काम करू लागला.

उतारवयात झाउअरब्रुख यांना स्मृतिभ्रंश झाला. तरीही ते शस्त्रक्रिया करत राहिले. त्यांच्या दबदब्यापुढे कोणी बोलेना. काही रुग्ण दगावले. अखेर १९४९ मध्ये बर्लिनच्या शारिते रुग्णालयातून त्यांना निवृत्त व्हावे लागले. १९५१ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज हाच खळगा छोट्या छेदांतून धातूची पट्टी सरकवून उचलतात. अमेरिकेत डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये ही पद्धत सुरू केली. छेद लहान असला तरी पट्टी हृदयाला लागून जाते, म्हणून दुर्बिणीतून पाहत ती सरकवतात. पट्टी जागची हलणे, जंतुसंसर्ग, छातीत हवा साठणे, क्वचित हृदयाला इजा, हे धोके उरतातच. दोन-तीन वर्षांनी पट्टी काढावी लागते.

म्हणून सर्जन कितीही नावाजलेला असो, अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि काय गुंतागुंत झाली, हे आधी विचारावे.