आचार्य बाळशास्त्री जांभेकर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईतील तरुणांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. घरी ग्रहणाच्या वेळी राहू-केतूची कथा सांगितली जाई, तर नव्या शाळेत ग्रहण म्हणजे सावल्यांचा खेळ असल्याचे शिकविले जाई. मग घरचे सारेच खोटे मानावे काय? की नवी विद्याच नाकारावी? या तरुणांना वाट दाखविण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत बाळशास्त्री जांभेकर अग्रभागी होते.

बाळशास्त्रींचा जन्म 1812 साली कोकणातील पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री विद्वान पुराणिक होते. त्यामुळे संस्कृत विद्येचे आणि धर्माचे संस्कार बाळशास्त्रींवर लहानपणीच झाले. पुढे मुंबईस येऊन त्यांनी इंग्रजी, गणित आणि अनेक भाषा आत्मसात केल्या. 6 जानेवारी 1832 रोजी त्यांनी ‘दर्पण’ हे मराठीतील पहिले वृत्तपत्र सुरू केले. तेव्हा ते अवघ्या विशीत होते.

1834 साली एल्फिन्स्टन संस्थेत त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. गणित आणि खगोलशास्त्र हे त्यांचे आवडते विषय होते. कुलाब्याच्या वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी होत. परंतु इंग्रजी जाणणारे तरुण मूठभरच होते. इतरांपर्यंत ही विद्या पोहोचावी, म्हणून 1840 साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. त्यात पदार्थविज्ञान, रसायन, भूगोल, इतिहास असे विषय सोप्या मराठीत, नकाशे व आकृत्यांसह समजावून दिलेले असत. नवे ज्ञान मातृभाषेतून मिळाले, तर ते परके वाटत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

विज्ञानाचा असा पुरस्कार करणाऱ्या बाळशास्त्रींनी धर्माकडे पाठ फिरविली नाही. 1845 साली त्यांनी ‘ज्ञानेश्वरी’ प्रथमच शिळाप्रेसवर छापून प्रसिद्ध केली. पोथ्यांत राहिलेला हा ग्रंथ त्यामुळे छापील रूपात वाचकांच्या हाती आला.

त्यांच्या विचारांची खरी कसोटी 1843 साली लागली. नारायण व श्रीपत शेषाद्री हे दोघे भाऊ ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे राहण्यास गेले. नारायण यांनी धर्मांतर केले. श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. परंतु त्याला पुन्हा स्वधर्मात घेण्यास सनातनी मंडळींनी विरोध केला. बाळशास्त्रींनी शास्त्राचाच आधार घेऊन, प्रायश्चित्तानंतर मुलाला परत घेता येते, असे प्रतिपादन केले. त्याबद्दल त्यांना स्वकीयांचा रोष सहन करावा लागला, तरी ते मागे हटले नाहीत. चुकलेल्या मुलासाठी दार बंद करणारा धर्म त्यांना मान्य नव्हता.

मे 1846 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी बाळशास्त्रींचे निधन झाले. सृष्टीचे नियम निरीक्षणाने व गणिताने शोधावेत आणि धर्माने माणसाला आधार द्यावा, अशी त्यांच्या कार्याची दिशा होती. श्रद्धा जपण्यासाठी डोळे मिटावे लागत नाहीत, हे त्यांनी आपल्या आचरणाने तरुणांना दाखवून दिले.