अठरा तासांमागचे बाबासाहेब

एप्रिल आला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात ठिकठिकाणी वाचनालयांत, वसतिगृहांत सलग १८ तास अभ्यासाचा उपक्रम होतो. उपक्रम चांगला आहे, मीही त्यात मुलांना बसवले आहे. पण शेवगाव, श्रीरामपूर, जामखेडकडची जी मुले-मुली अलीकडे एमबीए, फायनान्स किंवा इंटरनॅशनल बिझनेस शिकायला परदेशी गेली, त्यांच्याशी बोलताना हेच अठरा तास वेगळ्या रूपात समोर येतात. दिवसा वर्ग, संध्याकाळी दुकानात काम, रात्री असाइनमेंट, डोक्यावर कर्ज किंवा शिष्यवृत्तीची मुदत. झोप उडालेली, पुस्तक उघडले तरी डोक्यात काही शिरत नाही, बोलायला माणूस नाही. याला हल्ली बर्नआउट म्हणतात. वर ही टोचणी, की बाबासाहेबांनी उपाशी राहून केले आणि मला एवढेही जमत नाही. म्हणून बाबासाहेब परदेशात कसे शिकले, ते पूर्ण सांगणे गरजेचे वाटते. आपण भाषणात त्यातले अर्धेच सांगतो.

१९१३ हे वर्षच दुःखाने सुरू झाले. फेब्रुवारीत वडील रामजी सुभेदार गेले. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानात नोकरी करण्याचा करार झाला. जुलैमध्ये बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. रमाई आणि लहानगा यशवंत मुंबईत. शिष्यवृत्तीतलाच काही भाग घरी पाठवावा लागे.

कोलंबिया विद्यापीठाच्या पहिल्या वसतिगृहातले जेवण त्यांना मानवले नाही. तिथून ते कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. तिथे त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. सुरुवातीचे काही महिने हिंडण्या-फिरण्यात आणि खेळात गेले, असे चरित्रकार सांगतात. हे सांगायला आपण उगाच लाजतो. बावीस वर्षांच्या त्या तरुणाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी जात न विचारता शेजारी बसवत होते, एका टेबलावर जेवत होते. तो मोकळेपणा त्याने थोडा उपभोगला, त्यात गैर काय? पुढे त्यांनी स्वतःला आवरले आणि अभ्यासाला लागले ते असे की मागे वळून पाहिले नाही.

मुख्य विषय अर्थशास्त्र. प्राचीन भारतातला व्यापार, ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि अर्थव्यवहार यांवर त्यांनी लिहिले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. सेलिग्मन, जॉन ड्युई यांच्यासारखे शिक्षक लाभले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींवरचा निबंध वाचला. समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्हाला तो निबंध अभ्यासायला होता, तेव्हा तो एका पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिला आहे हे कोणी सांगितले नव्हते. खिशात पैसा नसताना त्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या बाजारातून सुमारे २००० पुस्तके जमवली. १९१६ मध्येच ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले सामान आणि पुस्तके महायुद्धाच्या पाणतीर हल्ल्यात समुद्रात बुडाली.

यानंतरचा भाग परदेशी शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने वाचावा. चार वर्षे परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसली गेली होती. बडोद्याला उतरताच ती परत आली. एवढ्या मोठ्या शहरात राहायला खोली मिळेना. पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहिले. कचेरीत शिपाई फायली लांबून टाकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, दोघांनीही काही तरी कारण सांगून टाळले. कमाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला आले. ती जागा आज आपण संकल्प भूमी म्हणून वंदन करतो. पण त्या दिवशी तिथे बसलेला माणूस कोलंबियाची एम.ए. पदवी घेतलेला, एकटा, बेघर तरुण होता, आणि त्याच्या पदवीने त्याला एक खोलीही मिळवून दिली नव्हती.

मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. बिझनेस शिकणाऱ्यांना हे सहसा माहीत नसते. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळल्यावर थांबले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम या वाणिज्य महाविद्यालयात प्राध्यापक झाले. मुले त्यांचे व्याख्यान मन लावून ऐकत आणि प्राध्यापकांच्या खोलीत काहींना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावणे खपत नव्हते.

त्या पगारातून पै-पै साठवून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांकडून ५००० रुपये कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला निघाले. १९१७ मध्ये पारशी जमावाने त्यांना रस्त्यावर काढले होते आणि तीन वर्षांनी एक पारशी मित्रच त्यांच्या शिक्षणाला उभा राहिला. बाबासाहेबांनी एका अनुभवावरून सगळ्या माणसांवर फुली मारली नाही.

आपले अठरा तास या लंडनमधले. सकाळी पावाचा तुकडा, जरासा मासा किंवा जॅम आणि चहा. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, दुपारचे जेवण बहुतेक नाहीच. रात्री भूक असह्य झाली की ओळखीच्याने दिलेले पापड भाजून कपभर दुधाबरोबर खायचे आणि पुन्हा वाचत बसायचे. खोलीतले सोबती अस्नोडेकर झोपायला सांगत, तर जवळ पैसा नाही आणि वेळही नाही, म्हणून अभ्यास लवकर संपवायला हवा, असे त्यांचे उत्तर असे. म्हणजे ते अठरा तास गरिबीने लादलेले होते. आपण त्यांचा आदर्श केला आणि कारण विसरलो. पुढे मधुमेह, सांधेदुखी यांनी त्यांचे शरीर किती पोखरले, तेही भाषणात येत नाही.

आणखी एक गोष्ट. याच काळात जर्मनीत बॉन विद्यापीठात त्यांनी नाव घातले होते, ते शिक्षण पूर्ण झाले नाही. रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध दिला, तर परीक्षकांनी १९२३ मध्ये दुरुस्त्या करायला सांगितले. हातातले पैसे संपले होते. लंडनमध्ये तग धरून बसण्याऐवजी ते एप्रिलमध्ये मुंबईला घरी आले, रमाई होत्या तिथे. घरी बसून प्रबंध सुधारला, परत पाठवला आणि वर्ष संपायच्या आत पदवी मिळाली. प्रबंध अर्धवट ठेवून मायदेशी परतलेल्या मुलाला आज आपल्याकडे काय काय ऐकावे लागते, ते आपण जाणतो.

दुःखही त्यांनी लपवले नाही. १९२६ मध्ये राजरत्न गेला, तेव्हा मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपले कोसळलेपण उघड केले. १९३५ मध्ये रमाई गेल्यावर ते कित्येक दिवस सावरले नाहीत. उतारवयात व्हायोलिन शिकायला बसले. आपल्या किती कार्यकर्त्यांना असा एखादा तास स्वतःसाठी काढायची मुभा वाटते?

लंडनहून आल्यावर जुलै १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. सभेच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला सुरू झालेले विद्यार्थ्यांचे वसतिगृह. धर्मशाळेतून बाहेर काढलेल्या माणसाने आधी मुलांच्या राहण्या-जेवण्याची सोय केली. १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय निघाले, तेव्हाही पुस्तकांइतकीच वसतिगृहाची चिंता त्यांनी वाहिली. तिथे आमच्या नेवासा-शेवगावकडची पोरेही भाकरीचे गाठोडे घेऊन गेली आणि एका खोलीत चार-चार जण राहून शिकली. १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य आणि अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू झाले. तिथल्या प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचे भांडे सगळ्यांचे होते.