डॉ. सांकलिया आणि आमचा ट्रायल पिट

आम्हा सिव्हिलवाल्यांना साईट म्हटली की ट्रायल पिट आठवतो. मुरूम किती खोल, खडक कुठे लागला, बस्स! त्याच खड्ड्याच्या भिंतीत हजारो वर्षं वाचणारा माणूस म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया.

जन्म 1908 चा, मुंबईच्या गुजराती घरातला. 1936 मध्ये लंडनची पीएच.डी. केली, तिथेच व्हीलरसाहेबांच्या हाताखाली मेडन कॅसलला उत्खनन शिकले. 1939 मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले आणि तिथलेच झाले. जोर्वे, नेवासे, इनामगाव... मातीचे थर मिसळू न देता खणायचं आणि कुठलं खापर कोणत्या थरातलं ते लिहून ठेवायचं, ही शिस्त.

लाल अंगावर काळी नक्षी असलेली जोर्व्याची खापरं आपल्या तापीकाठीही निघाली. प्रकाश्याचं टेकाड 1954-55 मध्ये बी. के. थापर यांनी खणलं तेव्हा! आज त्याच प्रकाश्याला तापीवर बॅरेज आहे. संरक्षित स्मारकापासून 100 मीटरपर्यंत बांधकामाला कायद्याने बंदी आहे, पण कुठेच नोंद नसलेल्या गावच्या पांढरीला कोण विचारतो? शेतकरी ती माती खत म्हणून नेतो, आपण भराव म्हणून. मला तर आपला दोष जास्त वाटतो, कारण लेव्हल घ्यायला आपल्याला येतं. पिटात राख, हाडं, रंगीत खापरं दिसली तर खोली लिहून फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?

सांकलियांना 1974 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1989 मध्ये ते गेले. इनामगावचं काम 1968 ला सुरू झालं ते 1983 पर्यंत चाललं. आमचा सॉईल रिपोर्ट मात्र सगळ्यांना आठवड्यात हवा असतो.