नीती कुठून सुरू होते? गाडगेबाबांचं उत्तर पुस्तकातलं नव्हतं

केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्यात कॉलेज करणाऱ्या पोरांच्या मार्कशीटवर संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचं नाव असतं. गंमत म्हणजे ज्यांचं हे नाव, त्यांना शिक्षण मिळालंच नव्हतं.

डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. वडील दारूपायी लवकर गेले, म्हणून पोरगा मामाकडे दापुऱ्यात वाढला. गुरं राखली, शेतात राबला.

पुढे मुलगी झाली. बारशाला मटण आणि दारू ठेवायची रीत होती. डेबूजींनी गोडाचं जेवण वाढलं. भावकी चिडली, पण आपल्या आनंदापायी बोकडाचा जीव घेणं त्यांना पटत नव्हतं.

इथे जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहावर आठवतो. नीतीचा पाया नियम किंवा कर्तव्य नाही तर करुणा आहे, दुसऱ्याचं दुःख आपलं वाटलं की माणूस नीट वागतो, असं त्याने १८४० च्या निबंधात मांडलं. प्राणीही त्यात धरले. डेन्मार्कच्या स्पर्धेत त्याचा एकट्याचाच निबंध आला होता, तरी बक्षीस मिळालं नाही!

करुणेवर एक जुना आक्षेप आहे. माणसाला आपल्यांचा कळवळा जास्त येतो, परक्यांचा कमी. मग न्याय कसा व्हायचा?

बाबांच्या बाबतीत हे उलटं झालं. १९०५ मध्ये आई, बायको, लेकरं मागे ठेवून ते निघाले. अंगावर चिंध्या, हातात फुटकं गाडगं. दिवसा गाव झाडायचं, रात्री कीर्तन. लोकांनी दिलेल्या पैशातून धर्मशाळा उभ्या राहिल्या, पत्नी कुंताबाई मात्र झोपडीत राहिल्या. १९२३ मध्ये मुलगा गोविंदा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली. कीर्तन थांबलं नाही. या करुणेची किंमत घरच्यांनी मोजली, आणि चरित्रांमध्ये ही बाजू जरा घाईनेच उरकली जाते.

दुसरी बाजू पंढरपुरात दिसते. विठ्ठलाचं मंदिर दलितांना १९४७ मध्ये खुलं झालं. वारीला आलेल्या या माणसांनी रात्री टेकायचं कुठे? बाबांनी त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि १९४९ मध्ये ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली.

आंबेडकर गेले आणि चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ बाबाही गेले. मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा हॉस्पिटलला कॅन्सरच्या उपचारासाठी गावाकडून आलेले पेशंट आणि त्यांची माणसं आजही तिथे उतरतात.